निवृत्ती नेमकी कशापासून?

वाचकहो, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा मी घाईने उत्तर दिले आणि चुकलो. म्हणून त्याची मांडणी नव्याने करणे मला माझे कर्तव्य वाटते.

समजा, आपले वय सत्तेचाळीस आहे. बावीस वर्षे आखातात नोकरी करून हलाल कमाईतून आपण बऱ्यापैकी शिल्लक टाकली आहे. मुलगी सासरी गेली, मुलगा शिकून मिळवता झाला. कोकणातल्या गावी घर आहे. त्यात वृद्ध आई आणि तिच्या सोबतीला एक दूरची विधवा भाची असते. अशा वेळी आपणास कळते की मलेशियात पेनांग नावाचे बेट आहे. त्यावरील जॉर्जटाउन शहरात नारळ आहेत, जायफळ आहे, मासळी आहे, भात आहे, आणि पाऊस आपल्या रत्नागिरीची आठवण करून देणारा आहे. मशिदी जवळ आहेत. तिथले मुसलमान आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच इमाम शाफई (रह.) यांच्या मसलकाचे असल्यामुळे फजरच्या नमाजमधील कुनूतही ओळखीचा. परदेशी माणसाला दीर्घकाळ राहता यावे म्हणून त्या देशाने २००२ सालापासून ‘मलेशिया माय सेकंड होम’ नावाची योजना चालविली आहे. २०२४ साली तिचे नियम बदलले. सर्वसाधारण वर्गांपैकी सर्वांत खालच्या वर्गासाठी आता दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव आणि किमान सहा लाख रिंगिटचे घर घ्यावे लागते. बाहेरच्या देशातून आणलेल्या व्यक्तिगत उत्पन्नावर तेथे काही अटींसह २०३६ अखेरपर्यंत करमाफी आहे. वारसा कर नाही. दुबई किंवा मुंबईच्या मानाने राहणीमान स्वस्त.

मग साठीपर्यंत दुसऱ्याची चाकरी का करावी?

हाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ गेल्या शाबान महिन्यात असरच्या नमाजनंतर माझ्यापाशी बसले. “मौलाना, अल्लाहने पुरेसे दिले आहे. आता थांबलो आणि तिकडे जाऊन राहिलो, तर ते जायज आहे की नाही, एवढे सांगा.” मी सांगितले ते असे : मोमिनाला दुनियेत विश्रांती नाही, कष्ट करून खाणे हा पैगंबरांचा मार्ग आहे, आरामाच्या मागे लागणे हे गाफील माणसाचे लक्षण आहे. ते वयाने माझ्याहून मोठे. मान हलवून उठले, सलाम करून गेले. त्या रात्री मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या उष्म्यात बांधकामाच्या जागेवर उभे राहून ज्याने अर्धे आयुष्य काढले, वर्षातला एक महिना सोडता ज्याने स्वतःच्या मुलांना वाढताना पाहिले नाही, त्याला मी, पंख्याखाली बसून, कष्टाचे महत्त्व शिकवीत होतो. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मी जे सांगितले त्याला किताबांचा आधारही पुरेसा नव्हता.

इमाम मुहम्मद शैबानी (रह.) यांच्या नावे असलेल्या ‘किताबुल कस्ब’ या ग्रंथात कमाईचा विचार सविस्तर आला आहे. स्वतःच्या, आश्रितांच्या आणि कर्जफेडीच्या गरजेपुरते कमावणे फर्ज; त्यापलीकडे माणसाला मुभा आहे. हवे तर कमवावे, हवे तर थांबावे. ज्याला इस्लाम लाभला, गरजेपुरती रोजी लाभली आणि जे मिळाले त्यावर समाधानही लाभले, तो यशस्वी झाला, असा आशय सहीह मुस्लिममधील हदीसचा आहे. अल्लाहची जमीन विशाल असल्याचे कुरआन सांगते आणि तिच्या वाटांनी चालून त्याने दिलेली रोजी खाण्यास परवानगी देते. तेव्हा वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणे हराम नाही. परक्या देशात, स्वस्त शहरात, समुद्रकाठी राहणेही हराम नाही. हे मला त्या गृहस्थांना प्रथम सांगावयास हवे होते.

आपल्या मसलकातील सर्वांत थोर नावांपैकी एकाने तर हेच केले होते. इमाम गझाली (रह.) बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक होते. त्या काळात याहून मोठे पद विद्वानाला नव्हते. इसवी १०९५ मध्ये, अडतीशीच्या आसपास, त्यांनी ते सोडले. आपल्या आत्मकथनपर ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले आहे की मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीचे धन वाटून टाकले आणि शामच्या दिशेने निघालो. दमास्कस, बैतुल मुकद्दस, मग हज. आजच्या भाषेत यालाही मुदतपूर्व निवृत्तीच म्हणावे लागेल.

परंतु येथेच प्रश्नाचे दुसरे टोक हाती लागते. गझाली पदापासून निवृत्त झाले, आणि निघण्यापूर्वी ज्यांचे हक्क होते त्यांची तरतूद केली. आपण निवृत्त होतो म्हणजे नेमके कशापासून होतो? वेतनापासून, वरिष्ठाच्या दटावणीपासून, सकाळच्या बसपासून असेल तर प्रश्नच नाही. पण ज्यांचे आपल्याकडे काही येणे आहे अशा माणसांपासूनही आपण त्याच तिकिटावर निवृत्त होत असू, तर तशी निवृत्ती शरीअतमध्ये कोठे आहे, हे मला दाखवून द्यावे. बंद्यांचे हक्क, ज्यांना आपण हुकूकुल इबाद म्हणतो, त्यांना वयोमर्यादा नाही.

याचा पहिला अनुभव हिशेबाची वही उघडली की येतो. लवकर निवृत्त होऊ पाहणाऱ्यांमध्ये एक सूत्र फार प्रचलित आहे : वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जमली की काम सोडावे आणि दर वर्षी त्यातील चार टक्के काढून खावे. अमेरिकेत १९९४ साली विल्यम बेंगन या वित्तसल्लागाराने मांडलेल्या अभ्यासातून ते रूढ झाले. त्याचा पाया समभाग आणि सरकारी रोखे यांच्या मिश्रणावर आहे, आणि मुदत तीस वर्षांची धरलेली आहे. रोख्यांचे उत्पन्न म्हणजे व्याज, ते तर प्रथमच वगळावे लागेल. सत्तेचाळिशीचा माणूस तीस वर्षांहून अधिक जगू शकतो, हेही आहे. पण त्याहून मोठी गोष्ट त्या सूत्रात नाहीच, कारण ते ज्यांच्यासाठी घडले त्यांना तिची गरज नव्हती. ती म्हणजे जकात.

आपण स्वतःच आकडे मांडून पाहा. वर्षाचा खर्च सहा लाख रुपये धरला, तर पंचवीस पटीने दीड कोटी होतात. ही रक्कम रोख, सोने किंवा ठेव या स्वरूपात असेल, तर अडीच टक्क्यांप्रमाणे तिच्यावरील जकात पावणेचार लाख रुपये येते. म्हणजे सहा लाख आपण खाणार आणि पावणेचार लाख अल्लाहने ज्यांचे म्हणून ठरविले आहेत त्यांना देणार. शिवाय जकातीचे वर्ष चंद्रमासांचे, सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. मलेशियात ठेवावयाच्या त्या दीड लाख डॉलरच्या ठेवीचेच पाहिले तरी जकात दरसाल पावणेचार हजार डॉलर होते. ठेव अडकून पडलेली असली तरी मालकी आपलीच आहे. राहत्या घरावर जकात नाही, आणि समभागांचा हिशेब कंपनीची मालमत्ता कोणत्या प्रकारची आहे त्यावरून वेगळा होतो. तो तपशील आपल्या जवळच्या आलिमांना विचारावा. पण मूळ गोष्ट पालटत नाही. जगात करमुक्त शहरे पुष्कळ असतील, जकातमुक्त शहर एकही नाही.

हा हिशेब मी त्या गृहस्थांपुढे पुढच्या भेटीत मांडला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “म्हणजे स्वस्थ पडलेला पैसा जकातीतच संपून जाईल,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्याने मला एक जुनी गोष्ट आठवली. हजरत उमर (र.) यांनी यतीमांच्या पालकांना त्या मुलांचा माल व्यापारात लावण्यास बजावले होते, जकातीने तो खाऊन टाकू नये म्हणून. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये ही रिवायत आहे. (यतीमाच्या मालावर जकात आहे की नाही याबाबत हनफी बांधवांचे मत वेगळे आहे, येथे तो वाद नको.) विचार करण्यासारखी बाब अशी की शरीअत माणसाला थांबण्याची मुभा देते, पण त्याच्या धनाला तशी मुभा सहजी देत नाही. ते एखाद्याच्या दुकानात, नावेत, शेतात, कारखान्यात फिरावे, त्यातून कोणाला रोजगार मिळावा, नाहीतर वर्षागणिक गरिबांकडे जावे. धन केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये, असे कारण सूरह हश्रमध्ये स्पष्ट दिले आहे.

आता जकात द्यावयाची कोठे? आपल्या शाफई मसलकात प्रबळ मत असे आहे की माल जेथे आहे तेथील गरजूंचा तिच्यावर पहिला हक्क. हजरत मुआज (र.) यांना यमनला पाठविताना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तेथील श्रीमंतांकडून घेऊन तेथीलच गरिबांना देण्यास सांगितले होते. गरजू नातलगांसाठी ती दूर पाठविण्याची मुभा अलीकडचे अनेक उलमा देतात हे खरे. तरीही क्षणभर चित्र डोळ्यांपुढे आणा. बावीस वर्षे आखातातून येणाऱ्या पैशावर गावातल्या किती घरांची रमजानची शिधा, किती मुलांची फी, किती विधवांची औषधे चालत आली! तो पैसा पेनांगला गेला की त्याची जकातही त्याच्या मागोमाग निघाली. गावात कुलूप लागलेल्या घरांच्या रांगेत आणखी एक भर पडली. जाणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण गावातील ज्यांची मदत थांबते ती माणसे गाऱ्हाणे घेऊन येत नाहीत.

कराविषयी आपल्या मिंबरवरून फारसे बोलले जात नाही, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. कायद्याने दिलेली सवलत घेणे ही चोरी नव्हे. भारतीय कायद्यात आर्थिक वर्षातील १८२ दिवसांच्या वास्तव्याला महत्त्व आहे. प्रामाणिकपणे परदेशी राहणाऱ्याने त्याप्रमाणे आपली स्थिती ठरविली तर त्यात दोष नाही. मात्र दिवस खोटे मोजणे, गावच्या भाड्याचे उत्पन्न लपविणे, व्हिसाच्या अर्जात एक लिहून प्रत्यक्षात दुसरे करणे हा करारभंग आहे, आणि करार पाळण्याचा हुकूम कुरआनचा आहे. एवढे झाले फिक्हचे. पण माझ्या मनात आणखी एक शल्य आहे. आपल्यापैकी बहुतेकजण जिल्हा परिषदेच्या शाळेत फीशिवाय शिकलो, सरकारी दवाखान्यात जन्मलो. आखातात पगारावर कर नव्हता, पुढेही नसावा अशी आपली इच्छा. म्हणजे ज्या सार्वजनिक कोशातून आपण घेतले त्यात आयुष्यभरात परत काही घालण्याची वेळच येणार नाही, अशी आपण आखणी करीत आहोत. मी हिला हराम म्हणत नाही, म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण शुक्र म्हणजे केवळ जिभेने अलहम्दुलिल्लाह म्हणणे नसेल, तर गावच्या शाळेचे गळके छप्पर आपल्याला काही विचारीत असले पाहिजे.

आणि स्वस्ताई. स्वस्ताई आकाशातून पडत नाही. मलेशियात फेब्रुवारी २०२५ पासून किमान वेतन महिना १,७०० रिंगिट आहे. परदेशी निवासीने घ्यावयाच्या सहा लाख रिंगिटच्या घराशी त्याचा मेळ घालून पाहा. किमान वेतनावरील कामगाराने एकही रिंगिट न खाता सगळी मजुरी साठविली तरी तेवढे घर घ्यायला एकोणतीस वर्षे लागतील. आपल्याला जे जेवण स्वस्त वाटते ते रांधणारा आणि भांडी घासणारा तोच. पुष्कळदा तो बांगलादेश, नेपाळ किंवा इंडोनेशियातून आलेला असतो. आखातात आपण त्याच्याच खोलीत, त्याच्याच वरच्या बंकवर झोपलेले आहोत! मग समुद्रकाठच्या इमारतीच्या विसाव्या मजल्यावरून तो आपल्याला ओळखू येईल का? घाम वाळण्याआधी मजुरी देण्याचा पैगंबरांचा (स.) आदेश आपण नोकर होतो तेव्हा आपल्याला तोंडपाठ होता. मालक झाल्यावरच त्याची खरी परीक्षा.

जॉर्जटाउनचाच इतिहास पाहण्याजोगा आहे. तेथे १९४८ पूर्वी बांधलेल्या जुन्या घरांची भाडी कायद्याने नियंत्रित होती. २००० सालच्या आरंभी ते संरक्षण उठले आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या अनेक भाडेकरूंना शहराच्या मधल्या गल्ल्यांतून बाहेर पडावे लागले. २००८ साली युनेस्कोने त्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतले. जुन्या चाळवजा घरांत उपाहारगृहे आणि अतिथिगृहे उघडली. यात एखाद्या परदेशी निवृत्ताचा अपराध आहे असे मी म्हणत नाही. कायदा त्यांनी केला नव्हता. पण आपण जे घर घेऊ त्यात काल कोण राहत होता आणि तो आता कोठे आहे, हे विचारणे शेजाऱ्याच्या हक्कात मोडते असे मला वाटते.

त्याच शहरात कापितान केलिंग मशीद आहे. १८०१ सालातली ती स्थापना. दक्षिण भारतातून गेलेल्या मुसलमानांचे पुढारी कादर मोहिद्दीन यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडून जमीन मिळवून ती उभारली. त्या जमिनीवर वक्फ झाला. ती माणसेही पैसा कमवायलाच गेली होती, त्यांना फरिश्ते समजण्याचे कारण नाही. पण ती त्या मातीत मिसळली, तिथल्या भाषेत बोलली, तिथे त्यांच्या कबरी झाल्या, आणि दोनशे वर्षांनंतरही त्यांच्या मशिदीत अजान होते आहे. कर्मे नियतीवर अवलंबून असतात ही हदीस हिजरतच्याच संदर्भात सांगितली गेली, हे आपण पुष्कळदा विसरतो. निघणारे सगळे एकाच वाटेने जातात. कोण कशासाठी निघाला त्यावर त्याची हिजरत ठरते. केवळ जेथे खर्च कमी पडतो तेथे जावयाचे, आणि उद्या दुसरे शहर याहून स्वस्त निघाले की तिकडे वळावयाचे, अशी नियत असेल तर माणूस कोणत्याच गावाचा शेजारी होऊ शकणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मी मागे ठेवली, कारण त्या गृहस्थांनीही ती मागेच ठेवली होती. तिसऱ्या भेटीत, उठता उठता ते म्हणाले, “आई यायला तयार नाही.” मी विचारले, तिचे काय म्हणणे आहे? “म्हणते, तू जा, सुखात राहा. माझी काळजी करू नको.” वाचकहो, आईचे हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. परवानगी म्हणून ते दाखवू नका. यमनचे उवैस करनी (रह.) पैगंबरांच्या (स.) काळात हयात असूनही आईच्या सेवेमुळे मदीनेस येऊ शकले नाहीत असे सांगितले जाते. आईशी असलेल्या त्यांच्या वर्तनाची साक्ष सहीह हदीसमध्ये आहे, आणि हजरत उमर (र.) यांच्यासारख्यांना त्यांच्याकडून दुआ करवून घेण्यास सांगितले गेले. ज्या भेटीपुढे जगातला प्रत्येक समुद्रकिनारा तुच्छ आहे, ती भेट त्यांना घडली नाही.

यावर त्या गृहस्थांनी मला जे सुनावले तेही लिहिले पाहिजे. “मौलाना, बावीस वर्षे मी आईपासून दूर होतो तेव्हा कोणी मला उवैस करनींची गोष्ट सांगितली नाही. पैसे येत होते. आता माझ्यासाठी जातो म्हटल्यावर सांगता?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. गावातील मदरशाच्या नव्या खोल्यांना त्यांच्यासारख्यांच्याच देणग्या लागल्या आहेत. त्या स्वीकारताना आम्ही कोणाच्या आईची विचारपूस केली नव्हती. ही आम्हा इमामांची, आणि साऱ्या जमातीची, उणीव आहे. ती कबूल केल्यावाचून त्यांच्यावर बोट ठेवणे मला शोभत नाही.

गझालींची पुढची हकीकत मी त्यांना सांगितली. हज केल्यावर मुलाबाळांच्या हाकेने आपल्याला मायदेशी ओढून आणले, असे ते स्वतःच लिहितात. लोकांत परतण्याची इच्छा नव्हती, तरी परतले. इसवी ११०६ मध्ये निशापूरला पुन्हा शिकवू लागले, आणि ११११ मध्ये तूस या आपल्या गावीच त्यांचा अंत झाला. मधल्या वर्षांतील एकांताचा त्यांना पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. त्यातूनच ‘इह्या’सारखा ग्रंथ आला. त्यामुळे ही गोष्ट मी जाऊ नका असे सुचविण्यासाठी सांगितली नव्हती. कोणाची हाक आपल्यापर्यंत पोचेल इतक्या अंतरावर राहावे, एवढेच मला म्हणावयाचे होते.

आरोग्य आणि रिकामा वेळ या दोन देणग्यांबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, अशा अर्थाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी या दोन्ही एकदम हाती येणे हे मोठे भाग्य आहे, आणि त्या गृहस्थांना ते कळते. त्यांना बांधकामाची उत्तम जाण आहे. शाळेच्या छपराचे त्यांनी स्वतःहून माप घेतले. सुतार आणि पत्र्याचा खर्च काढून माझ्या हाती दिला. पेनांगचा विचारही त्यांनी सोडलेला नाही. आई हयात असेपर्यंत घर घ्यावयाचे नाही, वर्षातून काही आठवडे जाऊन राहावे, असे आता त्यांच्या मनात आहे. बावीस वर्षांच्या उन्हानंतर समुद्रकाठी काही आठवडे शांत बसण्याचा त्यांचा हक्क मी नाकारू इच्छित नाही. मी एवढेच सुचविले की बरोबर आईलाही एकदा न्यावे. तिने मला निरोप पाठवून विचारले, तिकडे फजरला कुनूत पढतात का. पढतात, असे मी कळविले आहे.